गोल निवडुंगाची घरगुती जोपासना

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी घरोपयोगी असे काहीतरी लिहावे, अशी संपादक मंडळींनी आम्हांस सूचना केली. विषय कोणता घ्यावा याचा विचार करीत असता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. अलीकडे सभासदांच्या घरी जाणे होते तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर, जिन्याच्या पायरीवर किंवा गच्चीच्या कठड्याजवळ एक लहानसे गोल, काटेरी झाड हटकून दिसते. कोणी ते हैदराबादेहून आणलेले असते, कोणास ते वास्तुशांतीच्या दिवशी भेट मिळालेले असते, तर कोणाच्या मुलाने पुण्याहून येताना आईसाठी आणलेले असते. पुढच्या खेपेस गेलो की तीच कुंडी रिकामी पडलेली दिसते. विचारले तर उत्तर ठरलेले: "काय झाले कळलेच नाही हो, रोज न चुकता पाणी घालीत होतो!"

त्या झाडाच्या मरणाचे कारण या उत्तरातच आहे. तुळस, मोगरा, जास्वंद यांची निगा राखण्याची जी रीत आपल्या हाडीमाशी खिळली आहे, तीच रीत आपण या पाहुण्यास लावतो आणि त्यास बुडवून मारतो. हे झाड तहानेने क्वचितच मरते. बहुधा ते लाडाने मरते. एवढी एक गोष्ट वाचकांच्या मनात ठसली, तर पुढचे सर्व विवेचन आपोआप उलगडत जाईल.

हे झाड कोणते?

इंग्रजीत यास बॅरल कॅक्टस म्हणतात. बॅरल म्हणजे पिंप. मोठे झाल्यावर झाडाचा आकार पिंपासारखा फुगीर होतो, म्हणून हे नाव पडले. या नावाखाली अनेक जाती येतात. परंतु आपल्याकडील रोपवाटिकांत बहुतकरून मिळते ती सोनेरी काट्यांची जात. हिचे मूळ घर मेक्सिको देशात, केरेतारो व इदाल्गो या प्रांतांतील खडकाळ दऱ्यांच्या उतारावर आहे. शास्त्रीय नाव एकायनोकॅक्टस ग्रुसोनाय. २०१४ साली शास्त्रज्ञांनी तिला क्रोएनलीनिया या वेगळ्या प्रजातीत घातले, तरी व्यवहारात जुनेच नाव चालते.

या नावातील ग्रुसोन हा जर्मनीतील मॅग्डेबर्ग शहराचा एक कारखानदार होता. लोखंडाच्या ओतकामात त्याने पैसा मिळविला आणि निवडुंगांचा मोठा संग्रह केला. १८९५ साली तो वारल्यावर हा संग्रह शहरास मिळाला आणि १८९६ साली त्याची काचघरे सर्व लोकांस खुली झाली. एका धनिकाचा खासगी छंद पुढे साऱ्या गावाची ठेव झाला, ही गोष्ट धर्मादाय संस्थेच्या स्मरणिकेत नमूद करण्याजोगी आहे.

आपल्या सीमाभागात काटेरी झाड म्हटले की मराठीत निवडुंग, कानडीत कळ्ळी आणि दखनीत नागफनी ही नावे ओठांवर येतात. या नावांनी आपण दोन अगदी निराळ्या कुळांतील झाडे ओळखतो, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. बांधावर दिसणारा त्रिधारी निवडुंग किंवा शेर मोडला की पांढरा चीक येतो. तो डोळ्यांत गेल्यास फार इजा होते. ही झाडे युफोर्बिया गणातील. खरे निवडुंग कूळ, म्हणजे कॅक्टस, एखादा अपवाद सोडल्यास सर्व अमेरिका खंडातील आहे आणि त्यास असा पांढरा चीक सहसा नसतो. ज्यास कानडीत पापासुकळ्ळी म्हणतात तो पंजासारखा चपटा फड्या निवडुंग या दुसऱ्या कुळातला. तोही परदेशातूनच आला आणि रानोमाळ माजला. १७९५ साली ब्राझीलमधून किरमिजी रंग देणारा किडा समजून एक वेगळाच किडा हिंदुस्थानात आणला गेला. रंगाचा धंदा काही साधला नाही. पण त्या किड्याने निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. पुढे १९२६ साली श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचा किडा आणून दक्षिणेतील फड्या निवडुंग आटोक्यात आणण्यात आला. आपला गोल निवडुंग याच कुळातील खरा. पण तो एकांडा व धीम्या चालीचा आहे. तो कुंडीबाहेर पसरून शेते बळकावील अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

झाड पाणी साठविते कसे?

आमच्याकडे घराच्या दारावर कोरफड उलटी टांगण्याची चाल आहे. मुळाशी माती नाही, वरून पाणी नाही, तरी ती महिनोन्महिने हिरवी राहते. ज्याने हे पाहिले आहे, त्यास गोल निवडुंगाचा स्वभाव निराळा समजावून सांगावा लागत नाही. दोघांचीही कूळे भिन्न, पण युक्ती एकच: पाणी मिळेल तेव्हा अंगात भरून घ्यावयाचे आणि पुढे बेताने खर्चावयाचे.

या झाडास पाने नाहीत. पानांचेच काटे झाले आहेत आणि अन्न तयार करण्याचे काम हिरव्या खोडाने पत्करले आहे. खोडावर वरपासून खालपर्यंत उभ्या धारा असतात. पूर्ण वाढलेल्या झाडास वीस-तीसपेक्षाही अधिक धारा असू शकतात. या धारांची रचना पेटीच्या भात्यासारखी आहे. पाणी मिळाले की भाता फुलतो, दुष्काळ पडला की मिटतो आणि साल फाटत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस झाड जरासे आकसलेले दिसले तर घाबरू नये. ते आपल्या साठ्यातील पाणी वापरीत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

श्वासोच्छ्वासाची तऱ्हाही अशीच काटकसरीची आहे. कलबुर्गीच्या वैशाखात आपण भरदुपारी दारे-खिडक्या लावून बसतो आणि रात्री सारे उघडे टाकतो. हे झाड तेच करते. इतर झाडे दिवसा रंध्रे उघडून हवेतील कार्बन वायू घेतात, तेव्हा त्यांच्या अंगातील बरेच पाणी उडून जाते. निवडुंग रात्रीच्या गारव्यात रंध्रे उघडतो, तो वायू आम्लाच्या रूपाने साठवितो आणि दिवसा रंध्रे मिटून उन्हाच्या बळावर त्याचे अन्न बनवितो.

बिदरमध्ये बहामनी काळात, म्हणजे १५व्या शतकात, नौबादजवळ जमिनीखालून पाणी आणणारा भुयारी कालवा खोदला गेला. लोक त्यास सुरंगबावी म्हणतात. पाणी उन्हात उघडे टाकू नये, ते झाकून न्यावे, हे शहाणपण त्या कारागिरांपाशी होते. गोल निवडुंगाच्या अंगातही तेच शहाणपण आहे.

एक लोकभ्रम मात्र दूर केला पाहिजे. वाळवंटात वाट चुकलेल्या माणसाने हे झाड फोडून आतले पाणी प्यावे, अशा गोष्टी मुले सिनेमात पाहतात. आत पाणी नसून चिकट गीर असतो. अनेक जातींच्या गिरात ऑक्झॅलिक आम्लासारखी द्रव्ये असतात आणि तो खाल्ल्यास मळमळ, ओकारी व जुलाब होतात. तेव्हा हा प्रयोग कोणी करू नये.

आपल्याकडे अडते कोठे?

आपले ऊन या झाडास नवे नाही. अडचण आहे ती आपल्या मातीची आणि पावसाच्या रीतीची. कलबुर्गीची काळी जमीन तुरीसाठी नावाजलेली आहे. ती पाऊस पिऊन फुगते आणि आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवते. तुरीला जी जमीन पोसते, तीच या झाडास मारते. डोंगरउतारावर पाणी आले आणि निसटून गेले, अशा जागी वाढलेली ही मुळे सततच्या ओलीत गुदमरतात. त्यांस हवा मिळत नाही, बुरशी धरते आणि सड बुडापासून वर चढत जाते. त्यात आपला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो आणि त्या दिवसांत हवाही दमट असते.

हा धडा आम्ही स्वतःचे नुकसान करून घेऊन शिकलो. पहिले झाड घरी आले तेव्हा मोठ्या हौसेने शेताच्या बांधावरची काळी माती आणली, त्यात ओंजळभर शेणखत घातले आणि कुंडी अंगणात उघड्यावर ठेवली. मृगाचा पाऊस झाला, झाड तुकतुकीत दिसू लागले. आम्हांस वाटले, मानवले! पोळ्याच्या सुमारास कुंडी सरकवावयास गेलो तर झाड रांजणावरच्या झाकणासारखे अलगद बाजूला झाले. वरून हिरवेगार, आणि खाली नुसता तपकिरी चिखल. नाकाला पदर लावून घरातल्यांनी ते उकिरड्यावर नेले. आमच्या दुसऱ्या झाडाने मात्र आजवर अनेक पावसाळे पाहिले आहेत. फरक झाला तो पुढील गोष्टींमुळे.

कुंडी व माती

कुंडी साधी भाजक्या मातीची घ्यावी. तिच्या अंगातून ओल झिरपते आणि मुळांस हवा मिळते. तळाशी भोक असलेच पाहिजे. भोक नसलेल्या चिनी मातीच्या देखण्या भांड्यात हे झाड लावणे म्हणजे त्यास हौदात उभे करणे होय. झाडाच्या घेरापेक्षा कुंडी दोन्ही बाजूंस दोन-दोन बोटे मोठी असली की पुरे. फार मोठ्या कुंडीत जादा माती, आणि जादा मातीत जादा ओल.

मिश्रण घमेल्याच्या मापाने सांगतो. तांबडी माती एक घमेले, जाड वाळू एक घमेले, हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे किंवा चाळलेला मुरूम एक घमेले आणि पुरते कुजलेले शेणखत पाव घमेले. बिदर, हुमनाबाद, बसवकल्याण भागातील सभासदांस जांभ्या दगडाचा तांबडा मुरूम सहज मिळेल. मात्र तो चाळून त्यातील बारीक भुकटी काढून टाकावी, नाहीतर तीच पुढे भेंडासारखी घट्ट बसते. काळ्या जमिनीच्या भागात वीटभट्टीवरचे फुटके तुकडे उपयोगी पडतात. गिलाव्याची बारीक वाळू घेऊ नये.

मिश्रण बरोबर झाले की नाही याची परीक्षा सोपी आहे. कुंडी भरून वर तांब्याभर पाणी ओतावे. पाणी वर न साचता लगोलग तळाच्या भोकातून वाहू लागले तर मिश्रण साधले. वर तळे झाले तर विटांचे तुकडे आणखी घालावे.

दर दोन-तीन वर्षांनी, माघाच्या अखेरीस थंडी ओसरली की कुंडी बदलावी. आदल्या आठवड्यात पाणी देऊ नये. जुन्या गोणपाटाची दुमडलेली पट्टी झाडाभोवती वेढून दोघांनी ते उचलावे. मोठे झाड दिसते त्याहून बरेच जड असते. मुळांची जुनी माती हलक्या हाताने झाडावी आणि झाड पूर्वी होते तेवढ्याच खोलीवर बसवावे. त्यानंतर आठवडाभर पाणी घालू नये, म्हणजे तुटलेल्या मुळांच्या जखमा सुकतात.

ऊन

या झाडास ऊन भरपूर लागते. दिवाणखान्यातील टेबलावर ठेवले तर काही महिन्यांत शेंडा निमुळता व फिकट होतो, काटे विरळ होतात. तो उजेडाच्या शोधातील उपासमारीचा ताण असतो आणि बिघडलेला आकार पुन्हा पूर्ववत होत नाही. पूर्वेकडील किंवा दक्षिणेकडील कट्टा, जेथे चार-पाच तास ऊन येते, ती जागा उत्तम.

परंतु रोपवाटिकेतील झाड हिरव्या जाळीच्या सावलीत वाढलेले असते. ते आणल्या दिवशीच चैत्रातल्या उन्हात ठेवले तर सालीवर पांढुरके-पिवळे डाग पडतात, आणि ते कायमचे राहतात. म्हणून पहिला आठवडा केवळ सकाळचे ऊन द्यावे आणि दोन-तीन आठवड्यांत ते वाढवीत न्यावे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा लहान झाडावर दुपारी पातळ कापडाची किंवा जाळीची सावली करावी. आपल्या गच्च्यांवर व ओट्यांवर शहाबादी फरशी असते. ती दुपारी तव्यासारखी तापते. कुंडी थेट फरशीवर न ठेवता दोन विटांवर ठेवावी. त्यामुळे मुळे भाजत नाहीत आणि तळाचे भोकही मोकळे राहते.

महिन्या-दोन महिन्यांनी कुंडी किंचित फिरवावी, म्हणजे झाड एका अंगास कलणार नाही. अमेरिकेच्या वाळवंटातील फेरोकॅक्टस नावाचे मोठे गोल निवडुंग बहुधा दक्षिणेकडे झुकलेले आढळतात, म्हणून तिकडे त्यांस होकायंत्र निवडुंग असेही म्हणतात. मुलांस ही गोष्ट सांगितली की ती कुंडीवर खडूने खूण करून मोठ्या आवडीने लक्ष ठेवतात.

पाणी : नक्षत्रांच्या हिशेबाने

पाणी वारावर घालू नये, परीक्षा करून घालावे. खराट्याची एक कोरडी काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसावी आणि थोड्या वेळाने काढून पाहावी. काडीस माती चिकटली किंवा ती ओलसर लागली तर थांबावे. कोरडी निघाली तरच पाणी द्यावे. आणि देताना तळातून निथळेपर्यंत द्यावे. रोज चूळभर पाणी शिंपडणे ही सर्वांत वाईट रीत. खाली साचलेले पाणी बशीत राहू देऊ नये.

वर्षाचा अंदाज पुढीलप्रमाणे धरावा. मृगापासून हस्तापर्यंत, म्हणजे जून ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध, कुंडी पावसाबाहेर ठेवावी. ओसरी, सज्जा किंवा पत्र्याखालची उजेडाची जागा चालेल. मात्र पागोळ्या कुंडीत पडत नाहीत ना हे पाहावे. या काळात दोन-तीन आठवड्यांनी एकदा, तेही काडी कोरडी निघाल्यास, पाणी द्यावे. चित्रा-स्वातीनंतर आकाश निवळते. दिवाळीच्या पुढेमागे झाड चांगले वाढते. तेव्हा दहा-बारा दिवसांनी पाणी पुरते. मार्गशीर्ष ते माघ महिन्याकाठी एकदा, थोडेसे. बिदरच्या पठारावर थंडी बऱ्यापैकी पडते. कोरड्या मातीत झाड ती सहज सोसते, ओल्या मातीत सोसत नाही. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत आठ-दहा दिवसांनी, उन्हे उतरल्यावर पाणी द्यावे. वळवाची एखादी सर अंगावर आली तर हरकत नाही. लागोपाठ पाऊस लागला की मात्र कुंडी आत घ्यावी.

बोअरच्या पाण्याने ज्या घरी भांड्यांवर पांढरे पापुद्रे धरतात, त्या घरी कुंडीवर व मातीवरही तसाच थर येतो. अशा वेळी अधूनमधून पावसाचे साठविलेले पाणी घालावे. पिंप मात्र झाकलेले असावे, नाहीतर डास होतात.

खत फारच थोडे लागते. पावसाळा संपल्यावर एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा मूठभर जुने शेणखत पाण्यात कालवून, त्याची गाळलेली निवळी घालावी. जास्त खताने झाड भराभर फुगते, साल फाटते आणि सड लवकर शिरते.

किडी व सड

धारांच्या फटीत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण होत. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून, काडीला गुंडाळून ते पुसून काढावेत आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. फार झाले तर निंबोळी अर्क ऊन उतरल्यावर फवारावा. भर उन्हात फवारल्यास साल करपते. साल निस्तेज व गंजल्यासारखी तांबूस होऊन बारीक जाळी दिसली तर लाल कोळी समजावा. कोरड्या उन्हाळ्यात तो वाढतो. कीड लागलेली कुंडी बरी होईपर्यंत इतर कुंड्यांपासून दूर ठेवावी.

बुडाकडील साल तपकिरी झाली की अनेकजण धास्तावतात. येथे बोटाने, अर्थात काटे सांभाळून, दाबून पाहावे. जागा लाकडासारखी टणक असेल तर ते वयाचे लक्षण आहे. काही करावयास नको. मऊ लागली आणि घाण वास आला तर ती सड. तेव्हा एक दिवसही न दवडता झाड कुंडीतून काढावे, स्वच्छ सुरीने सडका भाग आतला निरोगी गीर दिसेपर्यंत कापून टाकावा, जखमेस गंधकाची पूड लावावी आणि झाड सावलीत, कोरड्या हवेत दोन-तीन आठवडे तसेच ठेवावे. जखम सुकून कडक झाली की कोरड्या वाळूमिश्रित मातीवर बसवावे. सड गाभ्यापर्यंत पोचली असेल तर झाड वाचत नाही. म्हणून उपायापेक्षा वर सांगितलेली काडीची परीक्षाच बरी.

विकत घेताना

काही विक्रेते गोल निवडुंगावर रंगीत सुकी फुले गोंदाने चिकटवितात. खरे फूल शेंड्याजवळील लोकरीतून, आपल्या वेळेस येते; चिकटविलेल्या फुलाखाली साल कुजते. वर खडे चिकटवून दगडासारखा थर केलेली कुंडी मिळाली तर घरी आणताच तो फोडून टाकावा, कारण त्यामुळे पाण्याचा अंदाज येत नाही. लाल-पिवळ्या गोळ्याचे जे झाड हिरव्या दांड्यावर बसविलेले असते, ते बॅरल कॅक्टस नव्हे. ते वेगळ्या जातीचे कलम आहे. त्या गोळ्यात हरितद्रव्य नसल्यामुळे तो खालच्या दांड्याच्या जिवावर जगतो आणि सहसा काही वर्षांतच संपतो.

घेताना झाड टणक, शेंडा ताजा आणि बूड कोरडे आहे ना ते पाहावे. बागायत खात्याच्या, म्हणजे कानडीतील तोटगारिके इलाख्याच्या, रोपवाटिकेत किंवा ओळखीच्या माळ्याकडे चौकशी करावी. बियांपासून वाढविलेले रोपच घ्यावे.

काट्यांविषयी

काटेरी झाड घरात ठेवू नये, अशी अनेक घरांत समजूत आहे आणि वडीलधाऱ्यांचे मन मोडून ते ठेवावे असे आम्ही म्हणणार नाही. या समजुतीत व्यवहाराचा एक धडा आहेच: रांगते मूल, अधू नजरेचे वृद्ध आणि अंधारातील वाट यांच्याजवळ काटे नसावेत. म्हणून झाडाची जागा गच्ची, सज्जा किंवा उंच कट्टा हीच योग्य. या झाडाचे काटे विषारी नसतात. रुतल्यास चिमट्याने सरळ काढून जागा साबणाने धुवावी. काटा खोल मोडून राहिला किंवा सूज आली तर डॉक्टरांस दाखवावे आणि धनुर्वाताच्या टोचणीविषयी विचारावे.

शेवटी

इतका खटाटोप एका काटेरी गोळ्यासाठी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या आजूबाजूसच आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांस पाण्याची किंमत सांगावयास नको. आणि २०१६ च्या एप्रिलात आपल्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे तर तरुणांनीही पाहिले आहे. ज्या घरी नळास चार-चार दिवस पाणी येत नाही, त्या घरी रोज दोन कळशा पिणारी बाग टिकत नाही. मुले परगावी गेल्यामुळे ज्या घरी दोघेच वृद्ध उरले आहेत आणि तेही अधूनमधून मुलांकडे महिना-महिना राहावयास जातात, त्यांच्या कुंड्या परतल्यावर वाळलेल्या सापडतात. अशा घरी दारात काही तरी हिरवे असावे, ही इच्छा मारून टाकण्याचे कारण नाही. महिन्यास तीन-चार तांब्ये पाण्यावर हे झाड उन्हाळा काढते आणि घरास महिनाभर कुलूप असले तरी वाट पाहते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जगभर लाखो कुंड्यांत दिसणारे हे झाड स्वतःच्या मायभूमीत दुर्मिळ झाले आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस मेक्सिकोत सिमापान येथे धरण झाले आणि त्याच्या रानातील मोठा भाग पाण्याखाली गेला. शिवाय हौशी संग्राहकांसाठी रानातील झाडे चोरून उपटली गेली. आज त्याची गणना धोक्यात आलेल्या जातींत होते. त्याच्या एका भाईबंदाच्या गिराची, आपल्या कोहळ्याच्या पेठ्यासारखी, मिठाई तेथे पिढ्यान्पिढ्या होत असे. झाडेच संपू लागल्यामुळे तिच्या विक्रीस आता बंदी आहे. १९७५ सालापासून अमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये निवडुंग कुळातील जवळजवळ सर्व जातींच्या व्यापारावर नियंत्रण आहे. रानातून उपटलेले झाड कोणी कितीही स्वस्त देऊ केले तरी घेऊ नये, असे आम्ही वर सुचविले ते यासाठीच. पाहुणा म्हणून जो आपल्या घरी आला आणि ज्याचे मूळ घर बुडाले, त्यास निदान आपल्या अज्ञानाने मारू नये.

हे झाड फार सावकाश वाढते. लिंबाएवढे होण्यास बीपासून दोन-तीन वर्षे लागतात. शेंड्यावरील लोकरीत पिवळ्या फुलांचे कडे उमलावयास साधारण पंधरा-वीस वर्षे जावी लागतात. कुंडीत त्याहूनही अधिक. तेव्हा आजच्या रौप्यमहोत्सवाची आठवण म्हणून ज्यांना एखादे लहान रोप लावावेसे वाटेल, त्यांनी फुलांची घाई करू नये. पावसात कुंडी आत घ्यावी, काडी कोरडी निघेपर्यंत हात आवरावा आणि ही रीत घरातील मुलांस शिकवून ठेवावी. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी पहिले फूल आले तर ते पाहावयास आपल्यापैकी कोण असेल हे सांगता येत नाही. पण तोवर कुंडीस पाणी घालणारे, आणि वेळेवर न घालणारे, कोणीतरी घरात असावे, एवढीच आमची इच्छा.